गच्चीच्या चावीची वही

"भाऊंना पाठवा ना, वहिनी. तुमच्या हातात चावी नाही देता येणार."

सेक्रेटरींच्या बायकोने दार अर्धंच उघडलं होतं. माझ्या हातात कुरडयांच्या चिकाचं गरम पातेलं, काखेत प्लॅस्टिकचा कागद. शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगची पद्धत साधी. गच्चीची चावी सेक्रेटरींच्या घरी, खिळ्याला. शेजारी वही. नाव लिहायचं, सही करायची, चावी घ्यायची. सात वर्षं मी तशीच घेत होते. तिच्या खांद्यामागे ती चावी मला दिसत होती.

चीक गरम असतानाच सोऱ्यात घालावा लागतो. मी घरी पोचेपर्यंत तो घट्ट झाला. सगळा टाकला.

दोन महिन्यांपूर्वी मी आजारी पडले होते. झोप उडाली, बोलणं थांबेना. अख्ख्या विंगला पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं आणि घरात डाळसुद्धा नव्हती. माणसं जमली तर जिन्यात उभी राहून त्यांच्यावरच ओरडले. त्याची लाज वाटते मला, अजूनही. पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही मीच केली. कुणी धरून नेलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बायपोलर म्हणतात याला. गोळ्या, रक्ताची तपासणी आणि झोप, तिन्ही सांभाळायच्या. आणि तुम्ही स्वतःहून आलाय. घरी जायचं असेल तर कायद्याने तुम्हीच अर्ज करायचा." तीन आठवड्यांनी बरं वाटलं, अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सोडलं. कायद्याला माझी सही चालली होती.

घरी आल्यापासून आमची बेल वाजली नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं डावीकडच्या दाराला आलं, उजवीकडच्या दाराला आलं. मधलं दार माझं. मी आतून पावलं ऐकत उभी होते.

चावीचं नवऱ्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. तो गेला आणि चावी घेऊन आला. "वहीत लिहून दिलं, पत्नीची जबाबदारी माझी. काम झालं ना? कशाला वाढवतेस?"

इतकं एकटं मला वॉर्डातही वाटलं नव्हतं.

चावी उचलली, खाली गेले आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "ती सही माझी नाही. चावी माझ्या सहीवर द्या. नाहीतर कुठल्या नियमाने देत नाही, ते सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्या."

ते हसले. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. आज गोळी घेतली का?"

"घेतली. रोज घेते. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. चावीही दिली नाही. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी त्या दारात जाते, वही मागते. बायका जिन्यात थबकतात, बघतात, निघून जातात. माझ्या बाजूने एकही बोलत नाही. नवरा म्हणतो, तो सही करेल, मी गप्प बसावं.

यंदा कुरडया होणार नाहीत. नकोत. त्याच्या सहीने उघडलेल्या गच्चीवर मी पाय ठेवणार नाही. उद्या दहा वाजता पुन्हा जाणार आहे, आणि पेन माझं नेणार आहे.