करंटची परतीची वाट

बॅटरीत जीव आहे की नाही, हे चाचा जिभेनं बघायचे. दोन तारांची टोकं जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि आंबट चव आली की म्हणायचं, "हाय. चालते." चव नसली, तर काचेच्या बरणीतलं नवसागराचं पाणी बदलायला घ्यायचे. माझ्याजवळ सरकारी मापक होतं. त्याची सुई आणि चाचांची जीभ यांचं जमलं नाही, तर बहुतेक वेळा सुईच खोटी ठरायची.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. अहेरीच्या पुढे जंगलात आमचं दोन खोल्यांचं तारघर होतं. मी तिथला तारबाबू आणि चाचा लाइनमन. त्यांचं घर चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बायकोही तिकडेच. पन्नाशीचा हा माणूस बसलेला मी पाहिला नाही. चहाचा पेला घेऊन दारापर्यंत जायचे, खांबाकडे बघायचे, परत यायचे. तेवढ्यात चहा निवायचा.

"बसा ना चाचा," मी म्हणायचो.

"बसलो का मले वाटते, कुठीतरी तार तुटली."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपल्यालाही खुर्ची टोचू लागते.

प्रवाह, विरोध, चुंबकत्व हे सगळं मी ट्रेनिंगला घोकून आलो होतो. पहिल्याच आठवड्यात चाचांनी विचारलं, "बाबूजी, तार तर एकच हाय. करंट चांद्याले गेला, मंग वापस कुठून येते?"

"जमिनीतून," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"कोणच्या जमिनीतून? दाखवा."

त्यांनी मला मनगटाला धरून मागच्या अंगणात नेलं. तिथं तांब्याचा पत्रा पुरलेला होता आणि त्याची तार भिंतीतून आत माझ्या टेबलापर्यंत गेली होती. "हे त्याचं दार. दार बंद, तर वाट अर्धी. अर्ध्या वाटेनं करंट जात नाई."

त्या वर्षीचा उन्हाळा फार वाईट गेला. नाला आटला, गावात एकच विहीर उरली. वैशाखात पलीकडच्या गावाचा कोतवाल धापा टाकत आला. त्यांच्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, सुरू झाला होता, चार माणसं गेली होती. लस आणि डॉक्टर चांद्याहून यायचे. मी तार ठोकायला घेतली, पण चांद्याकडून उत्तर येईना. आमच्या यंत्रातल्या चुंबकाला लोखंडी पट्टी ओढण्याइतकाही जोर नव्हता. पट्टी नुसती थरथरायची.

चाचांनी जीभ लावून बॅटऱ्या पाहिल्या. "हे ठीक हायेत." मग अंगणात जाऊन त्यांनी पत्र्यावरची माती मुठीत घेतली. ती पिठासारखी गळली.

दोन बादल्या घेऊन ते विहिरीकडे धावले. तिथं बायकांची रांग होती. चाचांनी पाणी मागितलं आणि ते मातीत ओतायचं आहे हेही सांगून टाकलं. त्यांना खोटं जमत नसे.

"आमाले प्यायले नाई, न तुमी मातीत काऊन ओतून राह्यले, तारवाले भाऊ?" एकीनं बादलीवर हात ठेवला.

"बाई, करंटले परत यायले ओली जमीन लागते. कोरडी माती त्याले अडवते. तो आला नाई, तर डॉक्टर येत नाई."

एका म्हातारीचं माहेर त्या हैज्याच्या गावचं. तिनं आपला भरलेला हंडा उचलला आणि चाचांच्या बादलीत रिकामा केला. मग दुसरीनं केला. कोणी तरी घरातून मीठ आणलं. खारं पाणी करंटला लवकर वाट देतं, हे चाचांनीच सांगितलं होतं.

पाणी जिरेपर्यंत ते अंगणात येरझारा घालत होते. मी पुन्हा यंत्राच्या बटणावर हात ठेवला, आणि चांद्याकडून खणखणीत कट्-कट् आलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर जीपनं आले. पुढं रस्ता नव्हता, म्हणून चाचा वाट दाखवायला निघाले. निघण्यापूर्वी डॉक्टर म्हणाले, "आधी तुम्ही टोचून घ्या."

"माझं मागाहून. तिकडं लोक पडून हायेत."

त्यांनी तीन गावं पायी केली. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, की प्रत्येक गावात चाचा लोकांना रांगेत उभं करायचे, म्हाताऱ्यांना उचलून आणायचे आणि स्वतःची पाळी आली, की पुढच्या गावाची वाट शोधायला गेलेले असायचे. त्या गावांत मरणं थांबली. तिसऱ्या गावात मात्र चाचांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर रात्रंदिवस जवळ बसले होते. उपयोग झाला नाही.

चाचांच्या बायकोला कळवणं माझ्याकडे आलं. मी मजकूर दोनदा लिहिला, दोनदा फाडला. शेवटी सरळ चार शब्द लिहिले आणि बटणावर बोट ठेवलं. त्या दिवशी तार एकदम स्वच्छ होती.

चांद्याचा बाबू चाचांना ओळखत होता. त्यानं उलट कळवलं, "नाव पुन्हा पाठव."

मी पुन्हा पाठवलं.

त्यानं आणखी एकदा नाव मागितलं.