डाव्या टोकाला सुहेल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे. चुकेल ते सांभाळून घ्या. हे कपाटातच ठेवणार आहे, पण पुढे कोणा बाईला हा आजार झाला तर तिला द्यावं असं मनात आहे.

डॉक्टरीणबाई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. "गुलेन बॅरी सिंड्रोम आहे. जीबीएस म्हणतात," असं त्यांनी हिंदीत सांगितलं. रोगाशी लढणारी आपलीच ताकद चुकून आपल्या नसांवर उलटते. मग डोक्यातला निरोप पायापर्यंत पोचत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "चालेन ना?" त्या म्हणाल्या, "चालाल. पण घाई करू नका."

त्याआधी जुलाब झाले होते. ते थांबले आणि पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मला वाटलं अशक्तपणा. दोन दिवस लिंबूपाणी पीत बसले. मग नमाजाला बसले ती उठताच येईना. तुम्ही माझ्यासारख्या बसू नका. मुंग्या वर चढू लागल्या, पाय लुळे वाटले, की त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास लागला तर मुळीच थांबू नका.

नर्व्ह कंडक्शन म्हणून तपासणी असते. विजेचे बारीक चटके देऊन नसा बघतात. लंबर पंक्चर म्हणजे कमरेतून पाणी काढतात. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त असते. मग शिरेतून औषध सुरू झालं. पडल्या पडल्या मी जुन्या गोष्टी आठवत राहायची.

माझा मुलगा सुहेल लहान असताना आम्ही इकडे आखातात, अल रुवैसला राहायचो. हे तिथल्या बंदरावर मच्छीमार लाँचीवर कामाला होते. लाँची एकीला एक लागून बांधलेल्या असत. सुहेल एकीवरून दुसरीवर जायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. हे ओरडायचे, "पाय रुंद टाक! कंबर खाली!" तो अंगाने तेव्हाच थोराड होता, पण एकदाही पाण्यात पडला नाही. संध्याकाळी तो माशाच्या वासाचे कपडे घेऊन घरी यायचा आणि मी त्याला दारातच थांबवायची. तो वास आता कुठून आणू?

पुढे ह्यांना एका अमेरिकन शाळेच्या बसवर नोकरी मिळाली, म्हणून आम्ही शहराकडे मुऐदरला आलो. सुहेलला त्याच शाळेत घेतलं. तिथल्या खेळाच्या सरांनी त्याला अमेरिकन फुटबॉल शिकवला. सर ह्यांना म्हणाले होते, "एवढ्या मोठ्या मुलाचे इतके हलके पाय मी पाहिले नाहीत." त्यांनीच त्याचे व्हिडिओ अमेरिकेतल्या कॉलेजला पाठवले, आणि कॉलेजने फी माफ करून त्याला बोलावलं.

हा फुटबॉल हातात घेऊन खेळतात. पहिलं वर्षभर मी मोबाईलवर चेंडूच्या मागे डोळे फिरवायची आणि मला मुलगा सापडायचा नाही. नातेवाईक विचारत, "गोल किती केले?" मी विषय बदलायची. शेवटी तोच म्हणाला, "अम्मी, चेंडू सोड. डाव्या टोकाला बघ."

मग दिसलं. चेंडू फेकणाऱ्या पोराची पाठ डावीकडे असते. तिकडून धावत येणारा त्याला दिसत नाही. त्याला अडवायचं काम सुहेलचं. धक्का देऊन पळायचं नाही, तर मागे मागे सरकत, पाय रुंद, कंबर खाली, दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर. समोरचा डावीकडे वळला की हा आधीच तिथे. चेंडू त्याच्या हाताला कधी लागत नाही, नावही कोणी घेत नाही. तरी तिसऱ्या वर्षी त्यांच्या भागातल्या सगळ्या कॉलेजांच्या निवडक संघात त्याला घेतलं.

माझ्या आजाराचं कळलं तसा तो परीक्षा संपवून आला. एकाच बाजूचं तिकीट काढून. बापाला म्हणाला, "मी आता जात नाही. अम्मी चालल्याशिवाय नाही." त्याचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ऑगस्टच्या सरावाला नाही गेला तर जागा दुसऱ्याची आणि फीमाफी खलास. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

मी चारचौघींत तोंड न उघडणारी बाई. पण आमच्या बिल्डिंगमधल्या वीस-पंचवीस बायकांची भिशी असते. दर महिन्याला सगळ्या पैसे घालतात, चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. त्या महिन्यात चिठ्ठी नजमाभाभीची निघाली. त्या मला बघायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "भाभी, तुमचा नंबर मला द्याल? माझा आला की तुम्ही घ्या."

"कशाला गं?"

"सुहेलला हाकलायचंय."

त्या हसल्या आणि रक्कम उशीखाली ठेवून गेल्या. ह्यांच्याकडून मी ऑगस्टचं तिकीट काढून घेतलं. तेव्हा मला वॉकर धरूनही उभं राहता येत नव्हतं.

सुहेल चिडला. "अम्मी, हे कॅन्सल कर."

"पैसे परत मिळत नाहीत म्हणाले."

"आणि तू नाही चाललीस तर?"

"मग चालव मला."

त्या दिवसापासून त्याने मला घेतलं. फिजिओथेरपीची बाई शिकवून जायची, बाकीचा वेळ तो. माझ्यासमोर उभा राहायचा, पाय रुंद, कंबर खाली, हात माझ्या कोपरांखाली, आणि मागे मागे सरकायचा. मी ज्या बाजूला कलायची त्या बाजूला त्याचा हात आधीच असायचा. "पाय नको बघू. माझ्याकडे बघ. यल्ला अम्मी, चल." हे सोफ्यावरून म्हणायचे, "हळू रे, ती काय तुझ्यावर धावून येत नाहीये!" एकदा मी हसता हसता त्याच्या अंगावरच पडले. तो तसूभरही हलला नाही.

जुलै संपताना वॉकर सुटला. विमानतळावर मी काठी घेऊन दारापर्यंत गेले. तो सारखा मागे वळून माझे पाय बघत होता. मी ओरडले, "पुढे बघ!"

शेवटचं वर्ष तो सगळं खेळला. आता तिथेच एका शाळेत पोरांना शिकवतो. माझ्या तळव्यांना अजून मुंग्या येतात, थकवाही येतो. पण भाकरी उभ्याने थापते.

मागच्या महिन्यात चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. ठरल्याप्रमाणे ती सगळी रक्कम रुमालात बांधली आणि जिन्याच्या कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर गेले. नजमाभाभी म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पैसे मोजले नाहीत. मीच मोजायला लावले. पूर्ण होते.