मैदान मोकळे आहे का?

धावपटू मित्रांनो, आज ६ फेब्रुवारी १९७३, मंगळवार. सकाळी सव्वादहाला मी आपल्या कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत होतो, तेवढ्यात क्रीडा अनुदानाचे तपासणी अधिकारी आले. अर्ध्या मैदानात दुष्काळी छावणीची जनावरं बांधलेली.

"मैदान मोकळं असेल तरच अनुदान," साहेब म्हणाले.

खेळाच्या सरांनी मला हळूच सांगितलं, "छावणीतल्या मावशींना जनावरं हलवायला सांग."

मावशी ओरडल्या, "पळा की कडंकडंनं! माझी गाय न्हाय उठायची आता."

गाय खरंच उठत नव्हती.

साहेबांनी फॉर्म पुढं केला. मैदान मी सांभाळतो, म्हणून सही माझी. सर माझ्याकडं बघत राहिले.

मी लिहिलं, 'मोकळे नाही.'

तुमचे बूट त्याच पैशांतून येणार होते. सांगा, तुम्ही काय लिहिलं असतं?