पत्र्यातली काटकसर

"आज किती पत्रा भंगारात घातला? दाखवा!"

आमचे मालक शेडमध्ये आले की नमस्कार-चमत्काराआधी हे विचारायचे आणि थेट कापून उरलेल्या तुकड्यांच्या पिंपात हात घालायचे. बोट कापायचंच. चिंधी बांधलेलं बोट ही त्यांची खूण होती म्हणा ना!

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप. एका मोठ्या कंपनीच्या मोटारींच्या दारांत बसणाऱ्या पट्ट्या आम्ही प्रेस मशीनवर पत्र्यातून कापायचो. मी त्या तपासायचो. कंपनीचा खरेदीवाला दरवर्षी गोड बोलून भाव पाडायचा आणि वर सल्ला द्यायचा, "माणसं कमी करा की!"

"माणूस कमी करणार नाय," मालक कंपनीतून परत येऊन चडफडायचे. "पत्रा कमी लावू." सगळे कामगार त्यांच्याच गावचे, करमाडकडचे. त्यांना घरी बसवून गावात तोंड कुठं दाखवणार?

काटकसरीचं हे वेड घरीही होतं. दिवाळीत शंकरपाळ्या कापताना कडेचे तुकडे वाया जातात म्हणून ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, शिकवायला बसले. काकूंनी लाटणंच त्यांच्या हातात दिलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हसू येतं आणि जीवही लागतो.

शेवटच्या भावकपातीला त्यांनी पत्र्यावर दोन पट्ट्यांमधली जागा इतकी कमी केली की कडा फाटून यायला लागल्या.

"मालक, हा माल पास होणार नाही," मी म्हणालो.

"हुईल रे. जरा कानस मारून कडा घासू. पाया पडतो तुझ्या, नाय म्हणू नको."

मला फार वाईट वाटलं. सगळ्यांनी कानशी घेतल्या, त्यांनीही घेतली. तरी कंपनीतून माल परत आला, आणि पाठोपाठ डाय न्यायला ट्रक आला. डाय म्हणजे पत्रा कापणारा जड पोलादी साचा. तो कंपनीच्या मालकीचा, त्यामुळे काम गेलं की तोही जातो.

मालकांनी डाय पुसला, गंज धरू नये म्हणून तेल लावलं. तो ट्रकमध्ये चढल्यावर मात्र त्यांनी कंपनीच्या माणसापुढं हात जोडले.

"साहेब, ह्या डायवर माझ्या पोरांचा हात बसलाय. हा जिथं जाईल तिथं त्यांनाबी घ्या. मला नका घेऊ."

"काका, मला फक्त डाय आणायला सांगितलंय."

मालकांनी ट्रकचा मागचा फाळका घट्ट धरला. ड्रायव्हर हॉर्न देत राहिला. शेवटी त्या पोरांनीच पुढं होऊन त्यांची बोटं सोडवली.