येमिनाची लाडकी डुकरीण

विमान यायच्या दिवशी डुकरं बांधायची, हा गावाचा नियम. गावाला रस्ता नव्हता, आणि धावपट्टी म्हणजे डोंगरउतारावरचं गवतच. पण येमिनाने आपली डुकरीण कधी बांधली नाही. आईविना राहिलेलं ते पिल्लू तिने जाळीच्या झोळीत घालून, रताळी चावून भरवत वाढवलं होतं. शेजारणी म्हणायच्या, "अगं, डुकरीण आहे की लेक तुझी?" ही म्हणायची, "दोरी तुमच्या नवऱ्यांना बांधा!"

त्या मंगळवारी तिची धाकटी बहीण ओर्पा बाळंतपणात अडून दोन दिवस झाले होते. विमानाने दवाखान्यात न्यायला तिला डोलीत घालून धावपट्टीपाशी आणलं. विमान खाली आलं, तर मधोमध डुकरीण लोळतेय. विमान पुन्हा वर गेलं, घिरट्या घालू लागलं. येमिना हाका मारत धावली. खेळच समजून डुकरीण पुढे पुढे पळाली. तेवढ्यात खिंडीत ढग भरले आणि विमान परत गेलं. ओर्पाने संध्याकाळ पाहिली नाही.

मर्तिकाला तीच डुकरीण कापली, तापल्या दगडांच्या खड्ड्यात रताळ्यांबरोबर शिजवली. ओर्पाच्या नवऱ्याने पहिला तुकडा केळीच्या पानावर घेऊन येमिनापुढे धरला.

"खा ताई," तो म्हणाला, "फार लाडाने वाढवलीस."