प्लाझ्मा पिवळा असतो

लेकीनं वरणावर लिंबू पिळता पिळता सांगितलं, "बाबा, मी चेहऱ्याले प्लाझ्मा करून घेणार आहे."

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. तिची आई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. शेवटी शेवटी डॉक्टर एकच म्हणत होते, प्लाझ्मा आणा. कोरोना होऊन बरं झालेल्या माणसाच्या रक्तातला. मी सक्करदऱ्याहून धंतोली, धंतोलीहून रामदासपेठ, एका ब्लड बँकेतून दुसऱ्या ब्लड बँकेत भर उन्हात फिरलो. अनोळखी माणसांना फोन करून हातापाया पडलो. "येतो" म्हणायचे आणि मग फोन बंद. प्लाझ्मा मिळाला नाही. आणि आता माझी पोरगी तो गालाला लावायचं म्हणत होती, हळदीचा लेप लावावा तसा.

"डोकं ठिकाणावर आहे का वं तुझं?" मी ताट सरकवलं.

"मले माहीतच होतं, तुम्ही असेच चिडसान," ती म्हणाली आणि निवांत जेवत राहिली. हा निवांतपणा तिच्या आईचा. माझ्या वाट्याला नुसती धडधड आली आहे.

तिच्या गालांवर शाळेपासूनच्या पिंपल्सचे खड्डे आहेत. मला ते दिसत नाहीत, म्हणजे दिसतात, पण ते तिच्या चेहऱ्यातच धरलेले आहेत. तिला मात्र दुसरं काही दिसत नाही. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली तशी ती स्कूटीवर स्कार्फ बांधून जाते. नागपुरात सगळ्याच पोरी बांधतात, ऊनच तसं आहे. पण बाकीच्या पोरी पार्किंगमध्ये स्कार्फ सोडतात, ही आपल्या खुर्चीवर बसल्यावर सोडते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. हे तिनंच सांगितलं, हसत हसत.

नाही म्हणायची माझी छाती नव्हती, हो म्हणायचीही नव्हती. घरात आम्ही दोघंच उरलो आहोत. तिला नुसता ताप आला तरी मी रात्रभर उशाशी बसून राहतो. तिच्या चेहऱ्यात कोणी सुया टोचणार, त्याला प्लाझ्मा म्हणणार, आणि त्यात काही बिघडलं तर? काय तोंड दाखवू मी तिच्या आईच्या फोटोला? शेवटी म्हटलं, करायचंच असेल तर मी सोबत येईन आणि सगळं विचारीन. ती म्हणाली, "या ना. फक्त भांडू नका."

आधी गेलो बेसा भागातल्या एका पार्लरमध्ये. लेकीनं मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ पाहिला होता. तिथल्या बाईंच्या हातात पेनासारखं यंत्र होतं. बटण दाबलं की टोकातून बारीक ठिणगी उडायची, चट् चट् आवाज करत.

"यात रक्त कुठं काढता?" मी विचारलं.

"अंकल, हा इलेक्ट्रिकवाला प्लाझ्मा आहे. रक्त नाही, सुई नाही. छोटे छोटे डॉट देतो, खपली पडते, स्किन एकदम टाइट."

"म्हणजे कातडी भाजता?"

"भाजत नाही हो. टेन्शन नका घेऊ."

"आणि काळे डाग राहिले तर?"

"राहत नाहीत. राहिले तरी जातात."

राहत नाहीत तर जातात कुठून? माझं डोकंच सटकलं. मी लेकीचा हात धरला आणि उठलो. भांडलो मात्र नाही. घराशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्हाले प्रत्येक ठिकाणी खोटच दिसणार बाबा. मग माहा चेहरा असाच राहू द्या." मला फार वाईट वाटलं. कारण ठिणगीची भीती खरी होती, पण अर्धी भीती तर त्या नावाचीच होती, आणि त्या भीतीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मग मनीषनगरमध्ये कातडीच्या एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. तरुण होत्या, पण ऐकून घ्यायच्या. त्यांनी भिंग लावून लेकीचे गाल पाहिले, बोटांनी कातडी ताणून पाहिली.

"काका, ते पेन वेगळं आणि आम्ही करतो ते वेगळं," त्या म्हणाल्या. "ठिणगीच्या पेननं पापणीच्या सुरकुत्या वगैरे करतात. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे डाग राहायची भीती जास्त, वरून इथलं ऊन. हिच्या खड्ड्यांसाठी मी ते सांगणार नाही. मी हिचंच रक्त काढीन, मशीनमध्ये फिरवीन, त्यातला वरचा भाग बारीक सुयांनी हिच्याच गालात परत सोडीन. चेहरा एक-दोन दिवस लाल राहील. चार-पाचदा यावं लागेल."

"खड्डे जातील?"

"पूर्ण नाही जाणार. कमी दिसतील. कोणाला चांगला फरक पडतो, कोणाला थोडासाच. आधीपासून सांगता येत नाही."

मला पहिल्यांदा जरा श्वास आला. सांगता येत नाही, असं हिच्या आईच्या वेळी मला एकानंही म्हटलं नव्हतं. सगळे छातीठोकपणे म्हणायचे, प्लाझ्मा आणा, मग बघू.

मी तरी सोडतो का? सुई नवीन असते का, रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं तर, मशीन कोण चालवतं, सगळं विचारलं. लेक टेबलाखालून पाय मारत होती. शेवटी मी अट घातली की रक्ताची नळी एक क्षणही माझ्या नजरेआड जाता कामा नये. मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "उभे राहा ना मशीनपाशी. सगळ्यांनीच असं विचारायला हवं." नवे पिंपल्स थांबू देत, रक्ताची तपासणी होऊ दे, ऊन उतरू दे, मग या, असं सांगून त्यांनी पाठवलं.

ते ऊन उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. मोबाईलवर वाचायचो आणि वाचून जास्त घाबरायचो. लेक म्हणायची, "बाबा, तुम्हीच डॉक्टर होऊन जा आता."

थंडी पडल्यावर गेलो. सिस्टरनं लेकीच्या गालांना बधिर करायचं पांढरं क्रीम थापलं आणि तिला खाटेवर बसवलं. माझ्यासमोर सुईचं नवं पाकीट फोडलं, दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, नळीवर लेकीचं नाव लिहिलं. मी नळीच्या मागे मागे चाललो. मशीन कोपऱ्यातल्या टेबलावर होतं, मोठ्या मिक्सरएवढं. ते घूं घूं करत फिरत राहिलं, आणि मी त्याच्यावर डोळे लावून उभा. थांबलं तशी सिस्टरनं नळी काढून उजेडात धरली. खाली लाल होतं आणि वर पिवळं, वरण थोडा वेळ ठेवलं की वर पाणी येतं ना, तसं पातळ पिवळं.

"हे वर काय आहे?" मी विचारलं.

"हाच प्लाझ्मा, काका."

मला वाटत होतं तो लाल असतो. ज्याच्यासाठी मी अख्ख्या शहरात भीक मागत फिरलो, त्याचा रंगही मला माहीत नव्हता. मी लेकीच्या खाटेशी स्टुलावर येऊन बसलो.

ती त्या नळीकडेच पाहत होती.

"बाबा, आईले एवढाच लागत होता का?"

"याहून जास्त," मी म्हणालो. "पिशवी असते."

"मी गेली होती ब्लड बँकेत," ती म्हणाली. "तुम्ही धंतोलीत होते तेव्हा. मले कोरोना होऊन गेला होता, अन् माहा अन् आईचा ग्रुप एकच. ते म्हणे अठराची नाही झाली, चालत नाही. मी रडली तिथं. लय रडली. तरी नाही घेतला." तिनं खालचा ओठ दाबला. "माह्या अंगात होता बाबा. अन् आता मी तो गालाले लावून राहिली."

मला चटका बसला. ही पोर एवढी वर्षं हे घेऊन जेवत होती, ऑफिसात जात होती, मला शांत करत होती. आणि मला जे माहीत होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"बेटा, तो लागतच नव्हता," मी म्हणालो. "तुझी आई गेल्यावर थोड्याच दिवसांनी पेपरात आलं होतं. ज्यांना दिला आणि ज्यांना नाही दिला, दोघांत काही फरक पडला नाही. सरकारनं तो उपचारांतून काढूनच टाकला. तुझा घेतला असता, मला दहा पिशव्या मिळाल्या असत्या, तरी काही झालं नसतं."

"तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

काय सांगणार होतो? मिळाला असता तर ती वाचली असती, एवढं एकच माझ्याजवळ उरलं होतं, त्यावर मी चिडू शकत होतो. ते सोडलं असतं तर ती नुसतीच गेली, एवढंच राहिलं असतं. मला वाटत होतं हे दुःख माझ्या एकट्याचं आहे. हे सगळं लेकीला कसंबसं, तुटक तुटक सांगितलं.

तिनं माझा हात घट्ट धरला. "मले सांगायचं ना बाबा," ती म्हणाली, "मले तरी सांगायचं," आणि तिचे डोळे वाहू लागले. गालांवरच्या पांढऱ्या क्रीममधून पाण्याचे ओघळ उतरले. तेवढ्यात सिस्टर नळी घेऊन खाटेशी आली. तिनं कापसानं लेकीचे गाल पुसले, नळी स्टँडमध्ये आमच्या समोर ठेवली आणि म्हणाली, "क्रीम परत लावावं लागेल. थोडा वेळ बसा दोघं."