प्रिंटर बंद करताना रांगेतल्यांचं काय?

ऐंशीच्या दशकातला एक शुक्रवार. अंधेरीच्या एमआयडीसीत, आमच्या दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर कंपनीत, दुपारच्या चहालाच भांडण पेटलं होतं... आणि गंमत म्हणजे ते मी पेटवलं नव्हतं.

माझी ख्याती तेव्हाही तोंडाळ म्हणूनच. दिवसा प्रोग्राम लिहायचे आणि संध्याकाळी पार्ल्याच्या सभांमधून भाषणं ठोकायची. पण त्या दिवशी मी गप्प बसून ऐकत होतो, कारण बोलत होती नलिनी.

नलिनी परब आमची इंजिनिअर. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसून निरोप पोचवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो दुरुस्तीसाठी तिच्याकडे आला होता, कारण मुलुंडच्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली होती... वाईट तक्रार.

तिथल्या लॅबचे रिपोर्ट आमच्या मशीनवर छापले जायचे. कागद अडकला की ऑपरेटर प्रिंटर बंद करायचा, आणि छापायचे राहिलेले रिपोर्ट गायब. स्क्रीन मात्र सांगायची, सगळे छापले. अडलेल्या एका बाईचा रक्तगटाचा रिपोर्ट असाच हरवला. लॅब म्हणे दिला, वॉर्ड म्हणे आलाच नाही, आणि तिचा नवरा जिने चढत-उतरत राहिला...

बाई सुखरूप सुटली. पण लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, उद्या येऊन दुरुस्ती दाखवा, नाहीतर मशीन उचला. ते मशीन परत आलं असतं तर आमच्या कंपनीला टाळंच लागलं असतं.

दोष उघड होता. बंद होताना ड्रायव्हर रांगेतल्या प्रत्येक विनंतीला, म्हणजे ‘हा रिपोर्ट छाप’ म्हणून आलेल्या प्रत्येक निरोपाला, ‘झालं’ असं खोटंच सांगून मोकळा व्हायचा. हे लिहिलं होतं खुद्द आमच्या मालकांनी, देसाई साहेबांनी. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं... उत्तरच दिलं नाही तर वाट बघणारे प्रोग्राम लटकून राहतात, मशीन बंद होत नाही. आणि एरर दाखवली तर गिऱ्हाईक घाबरतं.

नलिनी माझ्याकडे वळली. "तू रेशनच्या रांगेत उभा आहेस. दुकानदार काही न बोलता मागच्या दाराने गेला, तर काय करशील?"

"भाषण."

"आणि साखर न देताच ‘दिली’ म्हणाला तर?"

मी दुकान फोडायची भाषा केली. ती साहेबांना म्हणाली, बघा, म्हणून प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचं.

मग तिने क्रम लावला. आधी दार बंद, नवी विनंती आत घ्यायची नाही. रांगेतल्या प्रत्येकीला स्पष्ट सांगायचं, छापलं नाही, रद्द. जी प्रिंटरच्या तोंडात आहे, तिला पूर्ण व्हायला थोडा अवधी. आणि सगळ्यांना उत्तर पोचेपर्यंत ड्रायव्हरने जागचं हलायचं नाही.

एकच पेच उरला... तोंडातल्या विनंतीबद्दल प्रिंटरने काही कळवलंच नाही तर? साहेब म्हणाले, ‘झालं’ म्हण. मी म्हणालो, ‘रद्द’ म्हण.

"दोन्ही खोटं आहे," नलिनी म्हणाली. "आपल्याला ठाऊक नाही, तर ठाऊक नाही म्हणायचं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आपलं मशीन गिऱ्हाइकाला ‘माहीत नाही’ सांगणार? वाट लागली. त्यावर ती शांतपणे म्हणाली, मग उद्या मुलुंडला तुम्ही एकटेच जा साहेब. साहेबांनी हात झटकला, म्हणाले, कर काय ते.

शनिवारी आम्ही तिघं लॅबमध्ये हजर. डॉक्टरीणबाईंनी आमचं प्रास्ताविक ऐकूनच घेतलं नाही. रिपोर्टांची रांग लावायला सांगितली, पहिला छापला जात असताना प्रिंटरची केबल स्वतःच्या हाताने उपटली आणि ऑपरेटरला म्हणाल्या, आता बंद कर.

स्क्रीनवर एकेक ओळ उमटली. रद्द... रद्द... रद्द. आणि पहिल्या रिपोर्टसमोर नलिनीचं वाक्य, ‘नॉट नोन. चेक पेपर.’ साहेब छताकडे बघू लागले.

बाईंनी प्रिंटरमधला कागद फाडून घेतला. वर पेशंटचं नाव ठसठशीत, खाली आकडे अर्ध्यात तुटलेले. त्यांनी तुटलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हा असाच वॉर्डात गेला असता," त्या हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "हे वाक्य कोणी घातलं?"

"मी," नलिनी म्हणाली.

"राहू दे. मशीनही राहू दे."

बाहेर रिक्षा शोधताना साहेबांनी घसा खाकरला. म्हणाले, नलिनी, ते ‘नॉट नोन’ आपल्या सगळ्या मशीनमध्ये टाक.

"कालच टाकलंय, साहेब."

पुढे मी खूप सभा गाजवल्या. ताटकळलेल्या माणसांना उत्तर न देता टेबल आवरणारे पाहिले, न झालेल्या कामाला ‘झालं’ म्हणून हार घालून घेणारे पाहिले, आणि त्यांच्यावर तुटून पडलो... आजही पडतो.

पण श्रोत्यांतून एखादा प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसलं, की माईकवरून तसं सरळ सांगतो. पूर्वी मी अशा वेळी आवाज चढवायचो. टाळ्या थोड्या कमी पडतात... पण विचारणारा निदान दुसऱ्या कुणाकडे विचारायला मोकळा होतो. नलिनी, हे तुझ्यामुळे गं.